बुद्धिबळापेक्षा ‘पँडेमिक’ जवळचा वाटतो

व्यवस्थापनावर बोलताना बुद्धिबळाचा दाखला देण्याची आपल्याकडे पद्धतच पडून गेली आहे. मला तो फारसा पटत नाही, कारण पटावरचे प्यादे सांगितलेल्या घरात मुकाट्याने जाऊन उभे राहते आणि उंट ऐनवेळी रजा टाकत नाही. संस्था चालवण्यातल्या अडचणी मला मॅट लीकॉक यांच्या २००८ सालच्या ‘पँडेमिक’ या पटावरच्या खेळात अधिक स्पष्ट दिसतात.

यात खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत. सगळे मिळून पटावरच्या, मुंबईसह ४८ शहरांत पसरणाऱ्या चार रोगांशी लढतात आणि जिंकतात किंवा हरतात तेही एकत्रच. प्रत्येकाला आपल्या पाळीत चारच कृती करता येतात. एखाद्या शहरात रोगाचे तीन ठोकळे साचले असताना चौथा येणार असेल, तर उद्रेक होऊन रोग शेजारच्या शहरांत पसरतो आणि आठव्या उद्रेकाला खेळ संपतो. साहजिकच सगळे ठोकळे उचलत धावत सुटतात. मात्र विजयासाठी नकाशा स्वच्छ करावा लागत नाही, चारही रोगांवरची औषधे शोधावी लागतात. आणि दर पाळीला दोन पत्ते ओढले जात असल्याने गड्डी संपली की, नकाशा कितीही नीटनेटका असला तरी, पराभव ठरलेला असतो. दिवसभर तक्रारी निस्तरणाऱ्या आणि वर्षअखेरीस मूळ काम तसेच राहिलेल्या विभागाचे याहून नेमके चित्र मी पाहिलेले नाही.

माहिती हस्तांतरित करण्याची किंमतही इथे मोजून द्यावी लागते. औषध शोधायला लागणारा एखाद्या शहराचा पत्ता (कार्ड) सहकाऱ्याला द्यायचा, तर साधारणपणे दोघांनाही त्याच शहरात पोहोचावे लागते. ‘संशोधक’ ही भूमिका असलेल्यालाच हातातला कोणताही शहराचा पत्ता देण्याची मुभा असते, पण भेट त्यालाही टळत नाही. अशा भेटीवर अर्धीअधिक पाळी खर्च होते, म्हणूनच ती आधीपासून आखावी लागते.

या खेळाची कुप्रसिद्ध खोड म्हणजे सगळ्यांत अनुभवी खेळाडू इतरांच्या चालीही ठरवू लागतो. नियम त्याला अडवत नाहीत आणि पुष्कळदा डाव जिंकलाही जातो. पण बाकीचे केवळ सोंगट्या हलवत राहिल्याने पुढच्या डावापर्यंत ते काहीच शिकलेले नसतात. आमच्या गटात म्हणून ज्याची पाळी असेल तो आधी बोलतो आणि जुना खेळाडू सर्वांत शेवटी. बैठकांमध्येही मी हाच क्रम पाळायला सुरुवात केली आहे, आणि त्याने बैठका लांबतात हे मान्य करायला हवे.

अर्थात, पटावर सर्वांचे उद्दिष्ट एकच असते. औषध ‘शास्त्रज्ञ’ या भूमिकेतल्या खेळाडूने शोधले म्हणून ‘मेडिक’ म्हणजे वैद्याच्या भूमिकेतल्याची वेतनवाढ तिथे अडत नाही. कार्यालयात माहिती अडवून ठेवण्यामागे बहुधा असेच एखादे कारण असते, आणि त्यावर या खेळात कोणताही पत्ता नाही.