रेषेच्या अलीकडचं मत

पत्र उन्हाळ्यातच आलं होतं. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं ओमाहा शहर ज्या डग्लस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं, तिथे ज्युरीच्या कामासाठी जसं बोलावणं येतं तसंच मतदान केंद्रावरच्या कामासाठीही येतं. मतदार यादीतून नाव निघालं की जायचं. एरवी मी बँकेच्या सॉफ्टवेअरची चाचणी करते. पत्र वाचून पहिल्यांदा आठवले ते बाबा. ते सांगोला तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि दर निवडणुकीला त्यांना ड्युटी लागायची. आदल्या दिवशी मतपेट्या घेऊन ट्रकमधून जायचे, कुठल्यातरी वाडीवरच्या शाळेत सतरंजीवर झोपायचे आणि दुसऱ्या रात्री उशिरा परतायचे. मी ओमाहातून हे फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे तुलाही लागली का ड्युटी!"

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. एका चर्चच्या तळघरातला हॉल. सकाळी आठला दार उघडलं तेव्हा रांग जिना चढून वर पार्किंगपर्यंत गेली होती. माझं काम सोपं, पण डोळ्यांत तेल घालून करायचं: ओळखपत्र बघायचं, यादीत नाव शोधायचं, सही घ्यायची. मतपत्रिका कागदाची आणि लांबलचक. अध्यक्षपद, सिनेट, प्रतिनिधिगृह, खाली स्थानिक पदं, आणि शेवटी जनतेनेच मांडलेले प्रस्ताव: आजारपणाची पगारी रजा, वैद्यकीय कारणासाठी गांजा, गर्भपात. लोक पेनाने एकेक लंबगोल भरत उभे होते. इतक्या माणसांचा असा शांतपणा मी शेवटचा परीक्षेच्या हॉलमध्ये पाहिला होता.

त्या वर्षी ओमाहाकडे साऱ्या देशाचं लक्ष होतं. अमेरिकेत अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं आहेत, एकूण ५३८, आणि जिंकायला २७० लागतात. अठ्ठेचाळीस राज्यांत जो पहिला येतो तो राज्याची सगळी मतं घेऊन जातो. मेन आणि आमचं नेब्रास्का ही दोनच राज्यं वेगळी. नेब्रास्काच्या पाचांपैकी दोन मतं राज्यभर जिंकणाऱ्याला मिळतात आणि तीन मतदारसंघांचं एकेक मत त्या-त्या मतदारसंघात जिंकणाऱ्याला. कायदा १९९१ चा. ओमाहाचा दुसरा मतदारसंघ २००८ मध्ये ओबामांकडे गेला, २०२० मध्ये बायडेन यांच्याकडे. बाकी राज्य पक्कं रिपब्लिकन. १९६४ नंतर राज्यभरात अध्यक्षपदाचा डेमोक्रॅट उमेदवार कधी जिंकलेला नाही. आणि २०२४ चं गणित असं जुळलं होतं की डेमोक्रॅट पक्षाच्या हक्काच्या राज्यांखेरीज विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया आणि ओमाहाचं हे एक मत मिळालं तर हॅरिस यांचे नेमके २७० होत होते. म्हणून सप्टेंबरमध्ये कायदा बदलून सगळी पाच मतं एकगठ्ठा करण्याचा जोर लागला. राज्याच्या विधिमंडळातले ओमाहाचेच एक सिनेटर, माइक मॅकडोनेल, नाही म्हणाले आणि तो प्रयत्न तिथेच थांबला. शहरात घरांसमोर पांढऱ्या पाट्या लागल्या होत्या. त्यांच्यावर एक अक्षर नव्हतं, फक्त मधोमध निळं टिंब, डेमोक्रॅट पक्षाच्या रंगाचं.

माझ्या टेबलावर माझ्याबरोबर सत्तरीच्या एक बाई होत्या. आमच्याकडे टेबलावर एकाच पक्षाची माणसं बसवत नाहीत. त्या रिपब्लिकन म्हणून नोंदलेल्या, माझी नोंद दुसरीकडची. जन्म आणि बहुतेक आयुष्य चेरी काउंटीत, सँडहिल्समध्ये, गुरांच्या रँचवर. नवरा गेल्यावर मुलीजवळ ओमाहाला आल्या. बोटं जाड, नखं कापलेली, आणि यादीची पानं उलटताना त्या बोटांना इतकी सवय की माझं एक नाव सापडेपर्यंत त्यांची दोन सापडायची.

दुपारी दोनच्या सुमारास गर्दी ओसरली. त्यांनी घरून डब्यात चिली आणि सिनॅमन रोल आणले होते. नेब्रास्कात हे दोन एकत्र खातात, शाळेच्या जेवणातही. तिखट-गोड एकत्र म्हणजे मला घरचंच वाटलं. केंद्रात राजकारण बोलायला बंदी, म्हणून आम्ही पाळीपाळीने मिळणारी सुट्टी एकत्र मागून घेतली आणि पार्किंगच्या पलीकडे त्यांच्या गाडीत बसून जेवलो.

"तिकडे आम्हाला असं केंद्र नसतं," त्या म्हणाल्या. "मतपत्रिका टपालाने येते." लोकसंख्या दहा हजारांहून कमी असलेल्या काउंटीला तशी मुभा आहे. चेरी काउंटी क्षेत्रफळाने जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढी, आणि माणसं साडेपाच हजार. हे मी त्यांना सांगितलं, पुणे जिल्ह्यात किती माणसं राहतात तेही सांगितलं. घास हातात धरून त्या थोडा वेळ माझ्याकडे बघतच राहिल्या.

मग मी विचारलं. इतके दिवस मनात होतं. "ओमाहाला वेगळं मत असावं की नसावं, तुम्हाला काय वाटतं?"

"नसावं," त्या लगेच म्हणाल्या. "राज्य एक आहे. तुम्हाला वेगळं ताट कशाला? आणि नुसती डोकी मोजायला लागलात तर आम्हाला कोण विचारणार? मका आमचा, मांस आमचं. आमच्या दवाखान्यातलं बाळंतपण बंद झालं तर तुमच्या शहरात कोणाला पत्ताही लागत नाही."

ह्या शेवटच्या वाक्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मीही गावातून आले आहे. एसटी बंद झाली की गाव कसं एकटं पडतं ते मी पाहिलं आहे.

पण बाकीचं मला पटत नव्हतं, आणि मी तसं बोलले. त्यांच्या रँचच्या पश्चिमेला थोडं गेलं की वायोमिंग. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या पाच लाख सत्त्याहत्तर हजार, इलेक्टोरल मतं तीन. कॅलिफोर्नियात तीन कोटी पंच्याण्णव लाख माणसं आणि चोपन्न मतं. भागाकार केला तर वायोमिंगमध्ये एका मतामागे सुमारे एक लाख ब्याण्णव हजार माणसं येतात, कॅलिफोर्नियात सात लाख बत्तीस हजार. सिनेटमध्ये तर दोघांचे दोन-दोनच सदस्य. म्हणजे एका माणसाचं वजन दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट का, ह्याचं उत्तर 'तो गावात राहतो' हे असू शकत नाही. ऱ्होड आयलंड एवढंसं राज्य आहे, जवळजवळ सगळं शहरी, आणि त्यालाही हाच फायदा मिळतो. ही व्यवस्था गाव ओळखतच नाही. ती फक्त राज्याच्या सीमा ओळखते.

"आणि कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याचं काय?" मी म्हटलं. "२०२० मध्ये ट्रम्प यांना तिथे साठ लाख मतं पडली, टेक्सासपेक्षा जास्त. त्यातून एकही इलेक्टोरल मत मिळालं नाही."

त्या गप्प झाल्या. डब्याचं झाकण लावलं, मग पुन्हा काढलं.

"माझा भाऊ तिकडे आहे," त्या म्हणाल्या. "फ्रेस्नोजवळ. बदामाची बाग आहे. रेगनच्या काळात गेला."

कॅलिफोर्नियात रिपब्लिकन उमेदवार शेवटचा जिंकला तो १९८८ मध्ये. त्यानंतरच्या आठ निवडणुकांत त्यांच्या भावाचं अध्यक्षपदाचं मत मोजलं गेलं आणि तिथेच संपलं. चेरी काउंटीत डेमोक्रॅट पक्षाला मत देणाऱ्या शेजाऱ्याचं होतं तसंच. बाईंनी ह्याचा असा विचार कधी केला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "खरं म्हणजे आमच्याकडे तरी कोण येतं? टिम वॉल्झ वॅलेंटाइनमध्ये वाढलेला. उपाध्यक्षपदाला उभा राहिला आणि सभा कुठे घेतली? ला व्हिस्टात!" ला व्हिस्टा ओमाहाला खेटून आहे. वॅलेंटाइन, चेरी काउंटीचं मुख्य गाव, जवळजवळ पाचशे किलोमीटर लांब.

इथे थोडं विषयांतर करते, कारण शहराचं वाढणं नाकारायची ही खोड जुनी आहे आणि मला ती फार खुपते. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेत पहिल्यांदाच गावांपेक्षा शहरांत जास्त माणसं निघाली. राज्यघटनेप्रमाणे त्यानंतर प्रतिनिधिगृहाच्या जागांचं नव्याने वाटप व्हायला हवं होतं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ते केलंच नाही, दहा वर्षं भांडणात घालवली. राज्यांच्या विधिमंडळांत तर त्याहून वाईट होतं. कॅलिफोर्नियाच्या राज्य सिनेटमध्ये साठ लाख लोकांच्या लॉस एंजेलिस काउंटीला एक सदस्य होता आणि डोंगरातल्या तीन काउंट्यांच्या चौदा हजार लोकांनाही एकच. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंद केलं. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालात लिहिलं की लोकप्रतिनिधी माणसांचे असतात, झाडांचे किंवा एकरांचे नसतात. राज्यांना ही शिस्त लागली, पण देशाची सिनेट आणि इलेक्टोरल कॉलेज तिच्याबाहेर राहिली, कारण ती घटनेतच आहेत. २००० मध्ये अल गोर यांना पाच लाखांहून जास्त मतं अधिक पडली, २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना अठ्ठावीस लाखांहून जास्त, आणि दोघंही हरले. आपल्याकडेही सगळं आलबेल नाही. राज्याराज्यांतली लोकसभेच्या जागांची वाटणी अजून १९७१ च्या जनगणनेवर थांबलेली आहे. पण निदान तिथे चूक झाली आहे असं मानून ती दुरुस्त कशी करायची ह्यावर भांडण आहे. इथे अजून तिला गावांचं रक्षण म्हणतात.

बाबा सांगायचे, पूर्वी मोजणीच्या वेळी निरनिराळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळायचे, म्हणजे कुठल्या गावाने कोणाला मत दिलं ते कळू नये. मग गठ्ठे बांधायचे. "त्या ढिगात वाडीचं मत कुठलं आणि पेठेचं कुठलं, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही." हे मी गाडीत बाईंना सांगितलं. त्यांना ते आवडलं. पटलं की नाही, ते मी विचारलं नाही.

सव्वासहानंतर पुन्हा गर्दी वाढली. सातला वीस मिनिटं कमी असताना हॉस्पिटलच्या निळ्या गणवेशातली एक तरुणी माझ्यासमोर आली. ओळखपत्र दिलं. मी नाव शोधलं, सापडेना. बाईंनी शोधलं, त्यांनाही सापडेना. "मी आठ वर्षं इथेच मत देते," ती म्हणाली. पत्ता विचारल्यावर उलगडा झाला. जूनमध्ये ती बेलव्ह्यूला राहायला गेली होती, नोंदणीही बदलली होती, पण दिवसभराच्या पाळीनंतर सवयीने पाय इकडे वळले. आम्ही कार्यालयात फोन लावला. ती आता सार्पी काउंटीत होती आणि तिथलंच केंद्र तिला लागू होतं.

बेलव्ह्यू इथून गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. पण मतदारसंघाची रेषा मधून जाते. २०२१ च्या फेररचनेत पश्चिमेकडचा ग्रामीण सॉन्डर्स काउंटी ओमाहाबरोबर दुसऱ्या मतदारसंघात घातला आणि ओमाहाला चिकटलेलं बेलव्ह्यू मात्र पहिल्याच मतदारसंघात राहिलं. पहिल्यात अध्यक्षपदाचं काय होणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

तिलाही ते माहीत होतं. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकवून ती उभी राहिली. "मग कशाला जाऊ?" ती म्हणाली. "तिथे माझ्या मताने काय होणार? इथे झालं असतं." डोळे भरून आले होते. रागाने की थकव्याने, कोण जाणे.

मला उत्तर सुचलं नाही. तीच तरुणी, तेच विचार, जूनमध्ये सामान हलवलं म्हणून मताची किंमत बदलली, आणि ते खोटं आहे असं मी तिला कुठल्या तोंडाने सांगणार होते? दुपारी गाडीत मांडलेलं माझं सगळं गणित समोर गणवेश घालून उभं होतं.

बाई उठल्या. एका कागदावर मोठ्या अक्षरांत केंद्राचा पत्ता लिहिला आणि तिच्या हातात दिला. "हे बघ बाळा, मतपत्रिकेवर सगळ्यात वर जे छापलंय ना, तेवढंच बघू नकोस. आजारपणाच्या रजेचा प्रस्ताव आहे. त्यात माझं मत, तुझं मत, वॅलेंटाइनमधल्या माझ्या जावेचं मत, तिन्ही सारखी. आठच्या आत रांगेत उभी राहिलीस तर तुला कोणी परत पाठवू शकत नाही. नीघ."

ती गेली. पोचली का, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

आठ वाजता दार लावलं. उरलेल्या मतपत्रिका मोजल्या, सह्यांशी आकडा जुळवला. एक कमी भरला, पुन्हा मोजला, जुळला. पेटीला सील लावलं. ती पोचवायला दोघी बरोबर गेलो, गाडी बाईंची. पेटी मागच्या सीटवर, आणि तिला त्यांनी सीटबेल्ट लावला. त्या रात्री ओमाहाचं मत हॅरिस यांना गेलं, राज्याची उरलेली चार ट्रम्प यांना. ट्रम्प यांना देशभरात ३१२ मिळाली आणि लोकांची मतंही त्यांनाच जास्त पडली. रजेचा प्रस्ताव राज्यभरात मोठ्या फरकाने मंजूर झाला. पण हे सगळं नंतर. गाडीत रेडिओ बंद होता.

पेटी दिली, पावती घेतली. नऊ वाजायला आले होते. गाडी सुरू न करता बाईंनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे त्यांच्यासारखाच जाड आवाज.

"मत दिलंस का?"

"लिफाफा पडलाय टेबलावर," भाऊ म्हणाला. "काय उपयोग आहे, तुला माहीत आहे."

"तुमच्याकडे आत्ता सात वाजतायत," बाई म्हणाल्या. "पेटीत टाकायला आठपर्यंत वेळ आहे. बूट घाल."