गुडघे दुखणाऱ्या आईबरोबर व्हेनिस: पूल मोजून आखलेली सहल

व्हेनिसचं ठरलं तेव्हा आईनं एकच विचारलं, "चालावं किती लागेल रे?" मी नकाशा बघून म्हटलं, "गाव छोटं आहे गं, फार नाही." गाव छोटं आहे हे खरंच. पण त्यात चारशेहून जास्त पूल आहेत, आणि खालून होड्या जायच्या म्हणून जवळजवळ प्रत्येक पुलाला चढायच्या-उतरायच्या पायऱ्या आहेत. याचा विचार मी केलाच नव्हता.

आमच्या पहिल्या खोलीच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं होतं. सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच ग्रँड कॅनॉल, आणि खोली पलीकडच्या काठाला. मध्ये स्काल्झी पूल, चाळीसेक पायऱ्यांचा. दोन मोठ्या बॅगा, बाबा सत्तरीचे, आई कठड्याला धरून एकेक पायरी चढतेय. पुलाच्या मध्यावर ती थांबली, काही बोलली नाही, नुसती गुडघा चोळत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली बदलली. पैसे गेले, पण पुढचे पाच दिवस वाचले.

म्हणून घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर खोलीचे फोटो नंतर बघा, आधी पूल मोजा. नकाशावर खोलीचा पत्ता टाका, जवळचा बोटीचा थांबा शोधा आणि मधल्या वाटेवर पाणी किती वेळा ओलांडावं लागतं ते बघा. नुसत्या घर क्रमांकावरून काही कळत नाही, कारण इथे क्रमांक रस्त्याप्रमाणे नसतात, अख्ख्या विभागाचे मिळून असतात. मालकालाच सरळ विचारा: "थांबा कुठला, आणि मध्ये पूल किती?" आमची दुसरी खोली लिस्ता दि स्पान्या या रस्त्यावर होती. स्टेशनातून निघून डावीकडे वळायचं, वाटेत एकही पूल नाही. रस्ता गजबजलेला आहे, दुकानंही पर्यटकांसाठीचीच, पण आईला दुपारी खोलीवर येऊन पाय पसरता येत होते. खाडीपलीकडे मुख्य जमिनीवरच्या मेस्त्रेला खोल्या स्वस्त मिळतात आणि रेल्वेनं दहा-बारा मिनिटांत पोचता येतं, हे खरं. तरुण असाल तर जरूर राहा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मुक्काम व्हेनिसमध्येच करा.

विमानतळावरून पाच नंबरची बस प्याझ्झाले रोमापर्यंत येते. त्यापुढे गाडी नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. तिथून स्टेशनकडे जायला २००८ साली बांधलेला पायऱ्यांचा पूल आहे. बॅगा असतील तर तो टाळा आणि बोटीनं एक थांबा जा. या बोटीला वापोरेत्तो म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा ७५ मिनिटांचं एक तिकीट साडेनऊ युरोला होतं आणि ७२ तासांचा पास ४५ युरोला. पासच घ्या. पाच वेळा चढलात की पैसे वसूल, आणि पाय दुखले की एका थांब्यासाठीही बोट पकडता येते. एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉलच्या दोन्ही काठांना थांबत जाते. पुढची जागा मिळाली तर आईला तिथे बसवा आणि टोकापर्यंत नुसतं जाऊ द्या. अर्धं व्हेनिस बसल्या जागी बघून होतं.

सान मार्को चौकासाठी सान झाक्कारियाला उतरू नका, वाटेत पूल लागतो. वाल्लारेस्सोच्या थांब्यावर उतरून सरळ आतल्या गल्लीनं गेलं की पायरी न चढता चौकात पोचता. रियाल्तोच्या बाजारासाठी मेर्कातो नावाचा वेगळा थांबा आहे, तोही बाजारालाच लागून. तिथे एक भाजीवाला आर्टिचोक सोलत होता. वरची पानं सुरीनं फिरवत फिरवत छाटायची, खालची पांढरी चकती राहिली की लिंबू पिळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायची. आईनं दहा मिनिटं त्याचे हात बघितले. "आपण केळफूल साफ करतो ना, तसंच," म्हणाली. रविवारी बाजार बंद असतो, तेवढं ध्यानात ठेवा.

आम्ही नोव्हेंबर मुद्दाम निवडला, २१ तारखेसाठी. १६३०च्या प्लेगमध्ये शहरातली सुमारे एक तृतीयांश माणसं गेली. साथ सरली तर मेरीचं देऊळ बांधू, असं तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी बोलून ठेवलं, आणि त्यातून सालूते चर्च उभं राहिलं. चिखलात दहा लाखांहून जास्त लाकडी खांब ठोकून त्यावर ते बांधलंय. चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड कुजलं नाही. दरवर्षी २१ नोव्हेंबरला ग्रँड कॅनॉलवर तात्पुरता पूल टाकतात आणि गावातली माणसं मेणबत्त्या घेऊन येतात. आम्ही बोटीनं सालूतेच्या थांब्यावर उतरलो. आईनं बाहेरच्या टपरीवरून मेणबत्ती घेतली. आत एक स्वयंसेवक हातातल्या मेणबत्त्या घेऊन पेटवून लावत होता. त्याची बोटं मेणानं पांढरी झाली होती. आई म्हणाली, "म्हणजे गावानं बोललेला नवस, अजून फेडतायत." चपला बाहेर काढायच्या का, असंही तिनं विचारलं. जमलं तर याच दिवशी जा.

नोव्हेंबरात भरतीची भीती असते. २०१९मध्ये पाणी १८७ सेंटीमीटरपर्यंत चढलं होतं. पण ऑक्टोबर २०२०पासून खाडीच्या तिन्ही तोंडांशी ७८ पोलादी दारं उचलून समुद्र अडवतात, त्यामुळे शहर बहुतेक वेळा कोरडं राहतं. पालिका भरतीचा अंदाज देते, तो रोज रात्री बघून ठेवा. अंधार साडेचारलाच पडतो आणि गारठा ओला असतो. आईसाठी कानटोपी आणि लोकरीचे मोजे हवेतच.

दिवसापुरतं येणाऱ्यांकडून २०२४पासून वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतात. मुक्कामाला असणाऱ्यांना ते माफ आहे, पण माफीची नोंद आधी ऑनलाइन करावी लागते.

गोंडोला दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो. आम्ही ती घेतली नाही. त्याऐवजी सांता सोफियाहून बाजारापर्यंत दोन युरोत पलीकडे नेणारी त्रागेत्तो नावाची होडी घेतली. नावाड्यानं दंडाला धरून आईला उतरवलं. बुरानो बेटाला बारा नंबरची बोट जाते. रंगीत घरं बघायला अर्धा दिवस पुरतो.

शाकाहारी असाल आणि चीजही टाळत असाल तर पिझ्झा मारिनारा मागा, त्यावर चीज नसतं. कॉफी काउंटरवर उभ्यानं प्यायली तर स्वस्त पडते. आईला बसायचंच होतं, आम्ही बसूनच प्यायलो.

परतीचं विमान लवकरचं असेल तर घाबरू नका, बोटी रात्रीही असतात, फक्त वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा. आम्ही पहाटे पाचला थांब्यावर उभे होतो. समोरून हॉटेलांच्या धुतलेल्या चादरींचे गठ्ठे भरलेली एक होडी गेली, आणि बाबांनी तिच्याकडे बघून हात केला.