मोटर गेलेली नव्हती

आधी हे सांगून टाकते: काम होऊन मशीन तुमच्यासमोर चालेपर्यंत सर्व्हिसवाल्या माणसाला ओटीपी देऊ नका. मी दिला, आणि या सगळ्या प्रकारात एकूण १७ दिवस गेले.

आमचा व्हॅक्यूम क्लीनर सहा वर्षांचा, १४०० वॅटचा, आत कापडी पिशवी असलेला. सासूबाईंना दमा आहे. त्यांच्या खोलीत केरसुणी फिरवली की रात्री खोकल्याची उबळ ठरलेली, म्हणून हे यंत्र आमच्याकडे औषधाच्या डब्याइतकंच गरजेचं. गणपतीच्या आधी घराला रंग दिला होता. गौरी गेल्या, मी यंत्राने गाद्या साफ करायला घेतल्या आणि सात-आठ मिनिटांत यंत्र बंद. अर्ध्या-पाऊण तासाने बटण दाबलं की पुन्हा चालू, पुन्हा सात-आठ मिनिटांत बंद. बंद पडायच्या आधी आवाज चढायचा, शिट्टीसारखा बारीक व्हायचा. ही खूण मी तेव्हा लक्षात घ्यायला हवी होती.

प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिला, तरी तेच. मग कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. ४८ तासांत माणूस येईल म्हणाले. आला सहाव्या दिवशी.

त्याने काय केलं ते जसंच्या तसं सांगते. प्लग लावला, दोन मिनिटं चालवला, मागच्या जाळीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, मोटर गेली. २८५० रुपये आणि व्हिजिटचे ४०० वेगळे." झाकण उघडलं नाही, पिशवी काढली नाही, नळीत डोकावलाही नाही. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. तर म्हणे, "तोवर ओटीपी द्या, माझी व्हिजिट नोंदवायची आहे." मी दिला. तो जिना उतरला असेल-नसेल, मोबाइलवर मेसेज आला: आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.

दुसऱ्या दिवशी फोन केला. तक्रार बंद आहे, नवीन नोंदवा. नवीन नोंदवली. चार दिवसांनी मेसेज, 'ग्राहक घरी उपलब्ध नव्हते.' मी दिवसभर घरात, सासूबाई घरात, खाली वॉचमन. कोणीही आलं नव्हतं. परत फोन, परत तेच संगीत, परत पहिल्यापासून पत्ता सांगा. तिसऱ्या वेळी पलीकडच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मोटरचं कोटेशन मंजूर आहे का?" म्हणजे यंत्राला झालंय काय हा प्रश्न कोणाच्या मनातच नव्हता. त्या दिवशी मला खरंच रडू आलं. आत सासूबाई खोकत होत्या आणि मी एका बंद तक्रारीचा नंबर पाठ म्हणत होते. (अशा वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर असतो, हे मला नंतर कळलं. जवळ लिहून ठेवा.)

घट बसायला तीन दिवस उरले तेव्हा यंत्र रिक्षात घातलं आणि स्टेशनजवळच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी हात लावायच्या आधी विचारलं, "बंद पडल्यावर आपोआप परत चालू होतो?"

"होतो, पाऊण तासाने."

"जळका वास? ठिणग्या?"

"नाही."

"मग मोटर नाही गेली, ताई. ती तापते आणि कटआउट तिला वाचवतो. का तापते ते बघू."

एवढंच तर मला कोणीतरी सांगायला हवं होतं! मोटरजवळ एक छोटा थर्मल कटआउट असतो. ठरावीक तापमानाच्या वर गेलं की तो वीज तोडतो, गार झालं की जोडतो. आणि आमच्यासारख्या यंत्रात ओढलेली हवाच मोटरला गार ठेवते. हवा अडली की मोटर तापते.

काकांनी पिशवी काढली. अर्धीही भरलेली नव्हती, म्हणूनच मी ती रिकामी केली नव्हती. त्यांनी कापड नखाने खरवडलं आणि पांढरी पापडी सुटली. मोटरच्या तोंडाशी असलेला फिल्टर वर्तमानपत्रावर आपटला, तर मैद्यासारख्या पिठाचा ढीग. पुट्टी! रंगाऱ्यांनी भिंती घासल्यावर खाली पडलेली भुकटी मीच या यंत्राने ओढली होती. साधा केर पिशवीत सैल राहतो, पण ही भुकटी कापडाची छिद्रंच लिंपून टाकते. त्यांनी कार्बनही (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे) तपासले, ते ठीक होते. नवा फिल्टर आणि नवी पिशवी मिळून ३६० रुपये. तपासण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, मीच हातात शंभर ठेवले.

तो चढलेला आवाजही त्यांनीच समजावला. चालू असताना नळीच्या तोंडावर तळहात ठेवून पाहा, आवाज तसाच बारीक होतो. हवा मिळाली नाही की पंख्यावरचा भार उतरतो आणि मोटर सुसाट फिरते. तेव्हा आवाज चढला की तिथेच बंद करा आणि पिशवी, फिल्टर, नळी बघा. नळीसाठी सोपं आहे: ती यंत्रापासून सोडवून उभी धरायची आणि वरून गोटी टाकायची. खाली आली नाही तर बोळा अडकलाय.

धुता येणारा फिल्टर असेल तर धुतल्यावर पूर्ण २४ तास वाळवा. ओला बसवू नका. रंगकामाची, सिमेंटची, पीओपीची भुकटी घरगुती यंत्राने ओढूच नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि १४०० वॅट म्हणजे सहा अँपिअरच्या आसपास, त्यामुळे टीव्हीचा किरकोळ एक्स्टेन्शन बोर्ड याला लावू नका, तोच तापतो.

घट बसायच्या आदल्या दिवशी सासूबाईंची गादी दोन्ही बाजूंनी, उशा, पडदे, सगळं साफ केलं. ४० मिनिटं सलग चालला. मी मधूनमधून मागच्या जाळीशी हात नेत होते. हवा कोमट होती, जोरात येत होती. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, म्हणाल्या, "झालं का गं नीट?"

हो, एक राहिलं. आत गुंडाळली जाणारी वायर असेल तर पिवळ्या खुणेपर्यंत बाहेर काढून मगच चालवा, गुंडाळीत राहिलेली वायर आतल्या आत तापते. लाल खूण दिसली की मात्र थांबा.