प्लास्टिकच्या नोटांवरचे बोटांचे ठसे उठवताना: माझा अनुभव

बँक ऑफ इंग्लंडने सप्टेंबर २०१६ मध्ये पाच पौंडांची प्लास्टिक नोट आणली आणि कागदी नोटांवर बसलेला हात नव्याने बसवावा लागला. आपल्या रुपयाच्या नोटेसारख्या कापसाच्या कागदात घामातली अमिनो आम्लं मुरतात, म्हणून तिथे त्या आम्लांना रंग देणारं निनहायड्रिन हे रसायन चालतं. ही नोट पॉलिप्रॉपिलीनची. ठसा पृष्ठभागावरच बसतो आणि एका घासणीत जातो. त्यामुळे नोटा पिशवीत एकमेकींवर दाबून येऊ नयेत, कडक डबीत कडांनी धरलेल्या याव्यात, हा माझा आग्रह असतो.

रसायनाला हात लावण्याआधी तिरपा प्रकाश टाकून दोन्ही बाजूंचे फोटो. पारदर्शक खिडकीवर कधी कधी एवढ्यातच काम होतं.

मग सुपरग्लूची धुरी, म्हणजे गोंदाची वाफ ठशाच्या रेषांवर पांढरी बसवणं: बंद कपाटात ८० टक्के सापेक्ष आर्द्रता, गोंद १२० अंश सेल्सिअसला तापवलेला. आर्द्रता कमी पडली तर रेषा धरत नाहीत. धुरी जास्त झाली तर सगळी नोट पांढुरकी होते आणि ते परत फिरवता येत नाही. म्हणून सोबत मुद्दाम ठसा उमटवलेला प्लास्टिकचा तुकडा टांगावा आणि त्याच्याकडे बघून थांबावं. एरवी यानंतर बेसिक यलो ४० हा चमकणारा रंग वापरतात, एक लिटर इथेनॉलला २ ग्रॅम. नोटेवर मात्र छपाईची नक्षी त्या चमकेत घुसते. मला काळी चुंबकीय पावडर जास्त भरवशाची वाटते. चुंबकाच्या कांडीला धरलेली पावडरच नोटेला लागते, केसांचा ब्रश घासत नाही.

खरं भांडण नक्षीशीच आहे. पांढरी जेल पट्टी एका कडेने हळूहळू दाबत बसवली की पावडर तिच्यावर येते आणि नक्षी मागे राहते. मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढा ठसा गेला. उचलण्याआधी अवरक्त प्रकाशात फोटो घ्यावा. बऱ्याच रंगीत शाया त्यात दिसेनाशा होतात, पावडर काळीच राहते.

पुसट ठशांसाठी निर्वात पात्रात धातूचा थर देण्याची पद्धत अधिक तीक्ष्ण आहे. दाब ०.०००३ मिलिबारच्या आसपास उतरवून आधी काही मिलिग्रॅम सोनं तापवून वाफेने उडवायचं, मग जस्त. सोनं ठशाच्या चरबीत बुडतं, बाकी ठिकाणी उघडं राहतं. जस्त फक्त उघड्या सोन्यावर बसतं, म्हणून पार्श्वभूमी राखाडी होते आणि रेषा मोकळ्या राहतात. काचेतून डोळा न हलवता बघत राहावं, जस्त काही क्षण जास्त झालं तरी रेषा बुजतात. खूप हाताळलेल्या नोटेवर सगळीकडेच मेद असतो, तिथे जस्त धरतच नाही. मग पुन्हा सोनं देऊन बघावं. खिडकी, सपाट छपाई आणि उठावाची शाई यांवर एकाच नोटेत निकाल वेगळा येतो, कधी उलटाही: जस्त रेषांवर, मध्ये मोकळं. ठसा दुसऱ्या ठशांशी तुलनेला देताना हे नोंदवलंच पाहिजे. जेल पट्टीवरचा ठसा आरशातल्यासारखा उलटा असतो, तोही फिरवूनच द्यावा.