आधी दोर सोडायला शिका

शिडाची होडी चालवायला लागल्यापासून मला बरेच जण विचारतात, सुरुवात कशापासून करायची? माझं उत्तर ठरलेलं आहे. वारा कुठून येतोय ते आधी ओळखा, मग हातातला दोर सोडायला शिका. ओढायचं त्यानंतर.

शिडाच्या खालच्या कडेला आडवी दांडी असते, ती बूम. तिला आवरणारा दोर म्हणजे मेनशीट. वारा पुढून किंवा बाजूने असताना हा दोर सैल सोडला, की शीड फडफडायला लागतं आणि होडीतला जोर निघून जातो. होडीला ब्रेक नसतो, पण हे असतं. एवढं एकदा हाताला कळलं, की झुळूक जोरात आली तरी छातीत धडधडत नाही.

मग ओढायचं किती? फडफड थांबेल इतकंच. नवखा माणूस शीड गच्च आवळून धरतो. होडी कलते, पाणी आत येतं, आपण फार वेगात आहोत असं वाटतं; वेग मात्र कमीच झालेला असतो. शिडावर दोन्ही बाजूंना लोकरीचे धागे चिकटवलेले असतात, माझी नजर सारखी त्यांच्यावर असते. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असले, की शीड बरोबर. वाऱ्याकडचा धागा नाचायला लागला तर दोर थोडा ओढा, पलीकडचा नाचला तर थोडा सोडा. हाताची वीतभर हालचाल आणि होडी लगेच उत्तर देते. मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे वाऱ्याच्या उलट दिशेला होडी जाते कशी, हे मी फळ्यावर कितीदा तरी काढून दाखवलंय. शिडावरचा जोर बराचसा आडवा असतो, थोडासाच पुढे. होडीच्या पोटाखालचं सेंटरबोर्ड, म्हणजे पाण्यात उभी सोडलेली फळी, होडीला आडवं सरकू देत नाही, म्हणून उरतं ते पुढे जाणं. तरी थेट वाऱ्याच्या तोंडावर कुणालाच जाता येत नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडून नागमोडी जावं लागतं, म्हणजे सरळ अंतराच्या सुमारे १.४ पट प्रवास. हे गणित अंगावर वारा घेत अनुभवायचं, त्याची मजा फळ्यावर नाही.

सुकाणूचा दांडा ज्या बाजूला ढकलाल त्याच्या उलट बाजूला होडी वळते. डावं-उजवं घोकत बसू नका. दांडा शिडाकडे नेला की होडी वाऱ्याकडे वळते, एवढंच धरून ठेवा. वारा पाठीमागून असताना वळण घेणार असाल तर बूम एका दमात या टोकाकडून त्या टोकाकडे येतं. डोकं खाली, आणि दोर आधीच आत घेतलेला हवा.

समोरून दुसरी शिडाची होडी आली तर? वारा डावीकडून घेणाऱ्याने उजवीकडून घेणाऱ्याला वाट द्यायची.

आणि लाइफ जॅकेट घालून, शिकवणारा जवळ असताना, होडी मुद्दाम उलटवून बघा. लवकर बघा, भीती वाढायच्या आत. होडीला सोडून पोहत जायचं नाही. वळसा घालून सेंटरबोर्डवर चढायचं, कडेला धरून मागे रेलायचं, होडी हळूहळू उभी राहते. पण त्याआधी मेनशीट क्लीटमधून, म्हणजे दोर अडकवून ठेवायच्या पकडीतून, मोकळं केलेलं असायला हवं. ते अडकलेलं राहिलं तर शीड पाण्यातून वर येताच वारा धरतं आणि होडी पुन्हा आडवी होते.