तुम्ही विचारलंत म्हणून : रॉक बँडला निवेदक कशाला हवा?

भावगीतांचा कार्यक्रम संपला की विंगेत भेटायला येणारे रसिक हमखास विचारतात, "तुम्ही त्या रॉकच्या फेस्टिव्हललाही निवेदन करता म्हणे! तिथे काय बोलता हो? आणि ऐकतं कोण?" फेस्टिव्हलला येणारी मुलं तेच उलट्या बाजूने विचारतात, "ताई, बँड आला, वाजवलं, गेला. मध्ये बोलायचं कशाला?" आजवर दोघांनाही उभ्याउभ्या उत्तरं दिली. आज जरा बसून लिहिते.

मी बोलते ती साडेचारच्या बँडसाठी.

रात्री ज्यांचं नाव मोठ्या अक्षरांत असतं त्यांना माझी गरज नसते. त्यांच्यासाठीच तर तिकिटं काढलेली असतात. पण उघड्या मैदानावर रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो, त्यामुळे सगळा कार्यक्रम दुपारकडे ओढला जातो आणि नवा बँड उन्हात सापडतो. चाळीस मिनिटं मिळतात. कठड्याला टेकून तीस-चाळीस जण, बाकीचे स्टॉलच्या सावलीत. यांची गाणी सिनेमात आलेली नसतात, रिक्षात वाजत नाहीत. भावगीताचं निवेदन करते तेव्हा समोरच्यांना गाणं पाठ असतं, मी फक्त आठवण जागी करते. इथे आठवणच नसते. हे गाणं ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकणार असतात, आणि ते आवडलं नाही तर दुसऱ्यासाठी थांबणार नसतात.

पहिल्या ऐकण्यात अवघड काय असतं, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. आपला कान गायकाच्या मागे जायला शिकलेला आहे. सिनेमाच्या गाण्यात आवाज पुढे असतो आणि वाद्यं त्याला जागा करून देतात. रॉकमध्ये पुष्कळदा गायकाचा आवाज गिटारच्या बरोबरीने, तिच्या आतच बसवलेला असतो. मग माणूस शब्द शोधतो, ते सापडत नाहीत, "नुसता गोंगाट आहे" म्हणतो आणि सरबत घ्यायला जातो. त्याच्या कानाचा दोष नाही. कुठे बघायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

म्हणून मी एकच गोष्ट सांगते. त्या बँडच्या पहिल्या गाण्यात कान कशावर ठेवायचा, ती.

मेटलचं, म्हणजे रॉकच्या सगळ्यात जड आणि कडक प्रकाराचं उदाहरण घ्या, कारण सगळ्यात जास्त तक्रार त्याचीच येते. मुंबईच्या भयानक मौत या बँडचं नाव ऐकूनच घरची मंडळी दचकतात. तो आवाज, ज्याला ग्राउल म्हणतात, घसा फाडून काढलेला नसतो. तसा काढला तर दुसऱ्या दिवशी बोलता येणार नाही. आपल्या खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन पडदे असतात, ते हलवून, पोटातून श्वासाचा दाब देऊन तो आवाज तयार होतो आणि त्यासाठी काही वर्षांचा रियाज लागतो. हे मी मैदानावर एवढं लांबवत नाही. तिथे इतकंच म्हणते, "शब्द शोधू नका, हा आवाज तालवाद्यासारखा ऐका. आणि ड्रमरच्या पायांकडे बघा, दोन्ही पाय वेगवेगळे चालतात." मग माणसं खरंच पायांकडे बघायला लागतात. एकदा बघायला लागली की थांबतात.

पोस्ट-रॉकची गोष्ट अगदी निराळी. ॲज वी कीप सर्चिंगसारख्या बँडच्या संगीतात लांबच लांब भाग शब्दांवाचून जातात. गिटारचे दोन-चार स्वर, तेच पुन्हा, थोडे वाढवून पुन्हा. ज्याने रात्र-रात्र बसून विलंबित ख्याल ऐकला आहे त्याला हे नवं नाही. सवाई गंधर्वला येणारे एक काका मुलीला सोडायला म्हणून फेस्टिव्हलला आले होते. त्यांना मी म्हटलं, "काका, ख्यालात एकेक स्वर वाढवत नेतात ती बढत ऐकता तसं ऐका." ते दोन तास थांबले. अशा बँडसाठी माझं वाक्य ठरलेलं असतं: "घाई करू नका, हे भरायला सात मिनिटं लागतात."

भाषेचं तर मी सरळच सांगते. इंडियन ओशन या बँडचं 'कंदिसा' हे केरळच्या सीरियन ख्रिस्ती प्रार्थनेवरचं, अरामाईक भाषेतलं गाणं आहे. ती भाषा मैदानात कुणालाही येत नाही आणि तरी मैदान ते गातं. त्यांचंच 'मा रेवा' नर्मदेचं लोकगीत आहे. त्यांच्यात बास, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, वाजवणारे राहुल राम नर्मदेच्या आंदोलनात होते, हे माहीत असलं की त्या बासचा वजनदारपणा मला तरी वेगळा लागतो. अवियल हे बँडवाले मल्याळममध्ये गातात. त्यांचं नाव पाच-सात भाज्या एकत्र करून होणाऱ्या पदार्थावरून आलंय, आपल्या भोगीच्या भाजीची चुलत बहीण म्हणा. एवढं सांगितलं की हसू फुटतं आणि कान मोकळा होतो. उलट अडचण येते ती अभंग रिपोस्टसारख्या बँडची. अभंग सगळ्यांना पाठ, त्यामुळे लोक पहिल्या ओळीपासून गायला लागतात आणि बास काय करतोय ते ऐकूच येत नाही. तिथे मी विनंती करते की पहिलं कडवं मनात म्हणा.

स्वतःची गाणी घेऊन उभं राहणं पूर्वी किती कठीण होतं, हे नव्या मुलांना माहीत नसतं. मुंबईत 1986 मध्ये इंडिपेंडन्स रॉक हे रॉकचं फेस्टिव्हल सुरू झालं, धोबीतलावच्या रंगभवनात. तेव्हा चांगला बँड म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवणारा. रॉक मशीनसारख्या बँडनी (पुढे तेच इंडस क्रीड झाले) स्वतःची गाणी लोकांसमोर रेटली, म्हणून पुढच्यांना वाट मिळाली. रंगभवन नंतर शांतता क्षेत्राच्या नियमात सापडलं आणि तिथलं संगीत थांबलं. मला त्याची आजही हळहळ वाटते. पुण्यात 2010 मध्ये वीकेंडर हा फेस्टिव्हल सुरू झाला तोवर स्वतःची गाणी वाजवणं ही रीतच झाली होती. पण ऐकणाऱ्याला ती गाणी अनोळखी असतात, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे.

आता मी काय बोलत नाही, ते सांगते, कारण ते एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका छोट्या शहरातल्या चार मुलांच्या बँडची ओळख मी एका जगप्रसिद्ध परदेशी बँडचं नाव घेऊन, "आपल्याकडचे ते" अशी करून दिली. टाळ्या पडल्या. मला वाटलं, झकास झालं. पुढची चाळीस मिनिटं लोक त्या मुलांत तो परदेशी बँड शोधत राहिले. तो सापडणार कसा? ती मुलं हळूवार, मोकळ्या तारांवर वाजवणारी होती. तिसऱ्या गाण्याला समोर निम्मेच लोक उरले. उतरल्यावर त्यांची बास वाजवणारी मुलगी केबल गुंडाळता गुंडाळता, अजिबात न चिडता म्हणाली, "ताई, आमचं नाव सगळ्यात शेवटी आलं." त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी दुसऱ्या कुठल्याही बँडचं नाव घेत नाही. पुरस्कार, किती लोकांनी ऐकलं ते आकडे, "जोरदार टाळ्यांनी स्वागत करू या", हेही नाही. टाळ्या मागून घेतल्या की त्या बँडच्या राहत नाहीत.

ही एक गोष्ट शोधायला मी साउंडचेकला जाते. सकाळी मैदान रिकामं असतं, साउंडवाले दादा "किक द्या... स्नेअर द्या..." असं एकेक वाद्य सुटं मागत असतात. संध्याकाळी जे एकदम अंगावर येणार असतं ते तेव्हा वेगवेगळं ऐकू येतं. एकदा एक गिटारवाला दातांत टॉर्च धरून पेडलचं, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाजवळच्या डबीचं, एकच बटण केसभर फिरवत होता, वाजवून बघत होता, पुन्हा फिरवत होता. वीसेक वेळा. शेवटी त्याला हवी तशी लांब घुमणारा प्रतिध्वनी मिळाला, आणि एकेक स्वर विहिरीत दगड टाकावा तसा खाली जाऊन परत यायला लागला. संध्याकाळी मी एवढंच म्हटलं, "यांच्या गिटारचा प्रत्येक स्वर दोनदा येतो. दुसऱ्या वेळचा ऐका." त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पहिला स्वर वाजला, आणि तो परत येईपर्यंत कठड्यापाशी कुणी बोलत नव्हतं.

एवढं सगळं पंचेचाळीस सेकंदांत बसवायचं असतं. माझ्या मागे ड्रम लागत असतात, स्टेज मॅनेजर बोटांनी उरलेला वेळ दाखवत असतो. बँडचं नाव मी शेवटी घेते, पण आता त्याच्या आधी दुसऱ्या कुणाचं नाव नसतं, आणि त्यानंतर एक शब्दही नाही, कारण ड्रमरला काठ्यांवर चार मोजायचे असतात आणि ते चार लोकांना ऐकू यायला हवेत.

तुमच्यापैकी कुणाचा बँड असेल आणि माझ्या वाट्याला येणार असेल, तर माहितीपत्रक पाठवू नका. सरावाच्या खोलीत फोनवर केलेलं, कच्चं असलं तरी चालेल असं रेकॉर्डिंग पाठवा. पहिलं कुठलं गाणं घेणार तेही लिहा. आणि सगळ्यांची नावं स्वतःच्या आवाजात म्हणून पाठवा. शिलाँगची, कण्णूरची, गंगटोकची नावं मी वहीत देवनागरीत लिहून, चार वेळा मोठ्याने म्हणून मगच मंचावर जाते.