मुलीसाठी चिनी माध्यमाची शाळा निवडताना

सॅन फ्रान्सिस्कोत मुलीसाठी शाळा शोधताना पहिला प्रश्न उभा राहिला तो कँटोनीज की मँडरिन, या दोन चिनी भाषांपैकी कोणती हा, कारण येथे 1981 मध्ये मँडरिन माध्यमाची खासगी शाळा सुरू झाली आणि 1984 पासून वेस्ट पोर्टल या सरकारी शाळेत कँटोनीजचे वर्गही भरतात. चायनाटाउनच्या गल्ल्यांतून आजही कँटोनीज कानी पडते, त्यामुळे तिची ओढ मला मनापासून वाटत होती. तरीही घरी कोणालाच चिनी येत नसल्याने, पिनयिनच्या, म्हणजे मँडरिनचे उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीच्या, आधारे गृहपाठात निदान उच्चार तरी पडताळता येतील, या विचाराने आम्ही मँडरिन ठरवली. शाळा मात्र वर्ग पाहूनच निवडली: एका मुलाने इंग्रजीत पाणी मागितले, तेव्हा बाई पेला दाखवून, तो ‘श्वेइ’ म्हणेपर्यंत शांतपणे थांबल्या. घरात मराठीच राहील.